विश्वासावर वाटलेले पैसे

सरकारने दादाच्या नावावर पैसे दिले होते, ही बातमी त्याला माझ्या मोबाइलवरून कळली. त्या वेळी त्याच्या ताटात मालकाने दिलेल्या मेंढीचा रस्सा होता.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. सांगलीकडे शेतीची पदविका घेऊन तो न्यूझीलंडला आला, इथे आणखी एक कोर्स केला, आणि हॅमिल्टनपासून तासाभराच्या अंतरावर एका डेअरी फार्मवर चारशे गाईंचा हर्ड मॅनेजर झाला. मॅनेजर हा शब्द ऐकून आमच्या काकूने गावात पेढे वाटले होते. प्रत्यक्षात मॅनेजर म्हणजे गमबूट घालून सगळ्यांच्या आधी दूध काढायच्या शेडमध्ये जाणारा आणि सगळ्यांच्या नंतर होजपाइप गुंडाळणारा माणूस. राहायचं घर मालकाचं, फार्मवरच. व्हिसाही त्याच मालकाच्या नावाशी बांधलेला. नोकरी गेली की घर जाणार, आणि दुसरी पटकन मिळाली नाही तर देशही. त्या वर्षी दादा-वहिनी रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज भरत होते आणि त्यासाठी मालकाचं पत्र लागणार होतं: हा माणूस आमच्याकडे आहे, चांगला आहे, आम्हाला हवा आहे. एवढ्या एका कागदावर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

पहिलं लॉकडाउन उठून काही आठवडे झाले होते. आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी, रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जाताना ऑकलंडच्या सँडरिंगहॅममधल्या भारतीय दुकानांतून आणून ठेवलेली बाकरवडी आणि कांदा-लसूण मसाला नेला होता. दादाचा रस्सा त्या मसाल्याशिवाय होत नसे. मेंढी मात्र नेहमी मालकाची असायची. वर्षातून दोनदा मालक अर्धी मेंढी कापून, पिशव्यांत भरून दारात आणून द्यायचा. दादा त्याबद्दल इतकं कौतुकाने बोलायचा की मला रस्सा गोड लागेनासा व्हायचा.

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "आमच्या कॅफेवाल्या बाईंनी मात्र कमाल केली हं. तीन महिने कॅफे बंद, तरी मला दर आठवड्याला पैसे. मी म्हटलं, अहो मी कामच करत नाहीये. तर म्हणाल्या, हे तुझ्या नावावर सरकारकडून आलेत, माझे नाहीतच, मी फक्त पोस्टमन."

"आणि दादाचं काय?" मी विचारलं.

"ह्यांचं काम कुठे बंद होतं? गाईंना कुणी सांगायचं, बायांनो, घरी बसा म्हणून?"

दादा हसला. "उलट माझाच पगार थोडा कमी झाला. पाचवा भाग. सरकारचा नियमच होता तसा."

"कुठला नियम?"

"अगं, करोनात सगळ्यांना ऐंशी टक्केच द्यायचे. बॉसने स्वतः येऊन समजावलं. बिचाऱ्याला वाईट वाटत होतं."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडायचा थांबवला. मी मोबाइल काढला.

ही योजना इथल्या सगळ्यांना माहीत आहे, पण मराठी वाचकांसाठी सांगते. साथीमुळे ज्याचा धंदा खरोखर बसला किंवा बसेल असं दिसत होतं, अशा मालकाला सरकारने प्रत्येक कामगारामागे बारा आठवड्यांची ठरावीक रक्कम आगाऊ दिली. अट अशी की ती पगारापोटी त्या कामगाराला द्यायची. काम बंद असेल आणि मालकाला झेपत नसेल तर कामगाराच्या संमतीने पगार थोडा कमी करता येत होता. माणूस रोजच्यासारखा पूर्ण वेळ राबत असेल तर त्याचा पगार कापायची मुभा कुणालाच नव्हती. कुणी किती घेतले याची यादी सरकारने सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवली होती. मालकाचं नाव टाकायचं, की माणसं किती आणि पैसे किती ते समोर येतं.

मी फार्मच्या कंपनीचं नाव टाकलं. दादाच्या पगाराच्या चिठ्ठीवर असायचं तेच. समोर आलं: चार माणसं. त्या शेडमध्ये काम करणारी माणसंच चार होती: मालक, मालकीणबाई, दादा आणि एक फिलिपिनो सहकारी. म्हणजे त्या चारांत माझा दादा होता.

मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात धुतलेले नव्हते म्हणून नुसतंच वाकून पाहिलं, दोनदा पाहिलं.

"चुकून असेल," तो म्हणाला.

"चुकून अर्ज भरला? चुकून तुझा टॅक्स नंबर टाकला? दादा, एक दिवस तरी दुधाचा टँकर आला नाही असं झालं का?"

"रोज आला."

"दूध ओतून दिलं?"

"नाही गं."

"मग तुझा पगार सरकारकडून घेतला आणि वर तुझ्याच पगारातून पाचवा भाग कापला. याला काय म्हणतात?"

"याला जेवताना मोबाइल बघणं म्हणतात," वहिनी म्हणाली. "रस्सा गार होतोय."

सगळे हसले, मीही हसले. पण परतीच्या वाटेवर, हॅमिल्टनचा ते रापा भाग ओलांडून घराकडे वळेपर्यंत, मी गाडीत मोबाइलवर योजनेचे नियम वाचत होते. पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून एकच शब्द जात नव्हता. विश्वास. सरकार अभिमानाने सांगत होतं की ही योजना विश्वासावर चालते. शेतकऱ्याने एका चौकोनात खूण करायची, की माझं उत्पन्न पडलंय किंवा पडणार आहे, आणि काही दिवसांत पैसे खात्यात. पुरावा नंतर, मागितला तर. घाईची वेळ होती, माणसं उपाशी राहू नयेत म्हणून ते योग्यच होतं, हे मीही मान्य करते. त्या विश्वासामुळेच वहिनीचं घर चाललं. पण हेच सरकार दादावर किती विश्वास ठेवत होतं? रेसिडेन्सीसाठी त्याच्या फुप्फुसांचे एक्सरे मागितले. दोन देशांच्या पोलिसांचे दाखले मागितले. लग्न खरं आहे हे दाखवायला लग्नाचे फोटो, दोघांच्या नावावरचं विजेचं बिल, एकमेकांना केलेले मेसेज. वहिनीने "येताना कोथिंबीर आण" हा मेसेजसुद्धा पुरावा म्हणून जोडला होता. बायको आपली आहे हे सिद्ध करायला शंभर कागद, आणि उत्पन्न पडलं हे सांगायला एक टिचकी. चारशे गाई असलेल्या माणसाचा शब्द पुरतो. त्या गाई पिळणाऱ्याचा पुरत नाही.

आणि तो फार्म एकटा नव्हता. मी त्या रस्त्यावरच्या फाटकांवरची नावं एकेक करून यादीत टाकत गेले. काहींनी काहीच घेतलं नव्हतं. काहींनी घेतलं होतं आणि त्यांना खरंच गरज असणार. एकाकडे पर्यटकांसाठी खोल्या होत्या, त्या ओस पडल्या होत्या. पण नुसतं दूध काढणारे, एकही दिवस न थांबलेले बरेच होते. आणि त्यातल्या प्रत्येक फार्मवर कुठला ना कुठला दादा होता, ज्याला ही यादी आहे हेच माहीत नव्हतं.

तेव्हा मी तेच केलं जे आमच्या घरात केलं जातं. पत्रक लिहिलं.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते तेव्हा युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या गुलाबी कागदांवर. "व्यवस्थापनाची मुजोरी" ही माझ्या वाचनातली पहिली शब्दजोडी असावी. आता बाबा ते रापा भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मिल्किंग मशीनचे पंप दुरुस्त करतात, पण पत्रकाचे त्यांचे नियम मला पाठ होते. एक पान. एकच मागणी. विशेषणं कमी. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, कारण नाव नसलेलं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड.

मी इंग्रजीत सोपं लिहिलं. तुमच्या मालकाने तुमच्या नावावर मदत घेतली आहे का, इथे पाहा. घेतली असेल आणि तुम्ही पूर्ण वेळ काम केलं असेल तर तुमचा पगार कापता येत नाही. कापला असेल तर या सरकारी कार्यालयाला फुकट फोन करा. कुठल्याही फार्मचं नाव घातलं नाही. खाली माझं नाव, आडनाव, फोन. लायब्ररीत दोनशे प्रती काढल्या, एका शनिवारी दुपारी गाडी घेऊन निघाले आणि त्या भागातल्या तीन रस्त्यांवरच्या पत्रपेट्यांत टाकत गेले. तिकडे घरं रस्त्यापासून खूप आत असतात, पेट्या मात्र फाटकाशी, खांबावर. फार्मवर मालकाची एक आणि कामगारांच्या घराची एक. मी दोन्हींत टाकली. मालकांनाही कळू दे, म्हटलं. कुणी हटकलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर "किया ओरा", म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणून हात केला आणि पत्रक घडी न मोडता खिशात घातलं. घरी येऊन मी आंघोळ केली, चहा केला. वर्षभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

सोमवारी दुपारी वहिनीचा फोन आला.

"बाईसाहेब, झालं का समाजकार्य?"

तिचा आवाज थंड होता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "या अख्ख्या तालुक्यात आपलं आडनाव किती पेट्यांवर आहे, मोजलंस?"

पुण्यात आमच्या आडनावाची माणसं एका सोसायटीत चार निघतात. फोन डायरीत पानं भरतात. ते आडनाव आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं आहे, इतकं सामान्य, की त्याने कुणी ओळखलं जाईल हे माझ्या मनाला शिवलंच नव्हतं. त्या तीन रस्त्यांवर ते एकाच पेटीवर होतं. पांढऱ्या रंगाने, दादाच्या हस्ताक्षरात.

मालक सकाळचं दूध झाल्यावर शेडमध्ये आला होता. हातात पत्रक. दादाला विचारलं, "हे तुझ्या बायकोने लिहिलं?" दादा म्हणाला नाही, चुलत बहिणीने. मालक ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं दादा नंतर म्हणाला. तो फक्त म्हणाला, "मी निराश झालोय, मेट. आपलं तर कुटुंबासारखं होतं." मग दुधाचे भाव कोसळणार असं सगळेच म्हणत होते, अकाउंटंटनेच सांगितलं होतं, सगळ्यांनीच घेतलं, असं बरंच. आणि जाता जाता: "तुझं ते इमिग्रेशनचं पत्र माझ्या टेबलावर आहे. या आठवड्यात वेळ मिळेलसं वाटत नाही."

"धमकी दिली त्याने!" मी म्हणाले. "हे सरळ सरळ..."

"हो का? मग आता आणखी एक पत्रक काढ," वहिनी म्हणाली. "त्यात लिही, की या दोघांना सामान ठेवायला गॅरेज पाहिजे."

मग दादाने फोन घेतला. तो रागावलेला नव्हता, आणि तेच मला सोसेना. "अगं, तू एक चिठ्ठी लिहून दे," तो म्हणाला. "एवढंच, की मी तुला काही सांगितलं नाही. मला या पत्रकाची कल्पना नव्हती."

"कल्पना नव्हती हे खरं. पण सांगितलं तर तूच होतंस. जेवताना."

"ते मला माहितीये. त्याला नाहीये ना."

मी दोन दिवस ती चिठ्ठी लिहिली नाही. मला वाटत होतं की चूक मालकाची आणि माफी आम्ही मागायची, हे एकदा केलं की जन्मभर करावं लागेल. तिसऱ्या दिवशी बाबा वर्कशॉपवरून आले, डबा सिंकमध्ये ठेवला आणि माझ्यासमोर बसले. मी वाट पाहत होते की ते म्हणतील, सत्य सोडू नकोस. त्यांनी मला लहानपणापासून तेच तर शिकवलं होतं.

ते म्हणाले, "मी सही करायचो तेव्हा नोकरी कुणाची जायची?"

"तुमची."

"दोनदा गेलीही. आणि तू सही केलीस तेव्हा कुणाची?"

"दादाची," मी म्हणाले.

"नाव आपलं घालायचं असतं म्हणजे मार आपल्याला बसावा म्हणून. तुला काय होणार होतं? फार तर फोनवर शिव्या. मार त्याला बसतोय आणि तू इथे तत्त्वाला धरून बसली आहेस. लिही."

मी लिहिलं. चार ओळी. माझ्या चुलतभावाने मला त्याच्या कामाबद्दल किंवा पगाराबद्दल कधीही काही सांगितलेलं नाही. झालेल्या गैरसमजाबद्दल मी दिलगीर आहे. पत्रकाखाली सही करताना माझा हात जितका सरळ चालला होता तितकाच या खोट्याखालीही चालला, आणि याचा मला आजही संताप येतो. स्वतःचा तितका नाही, जितका ज्याने ही रचना केली त्याचा येतो. खोटं न बोलता एका प्रामाणिक माणसाचं घर वाचू शकत नाही, अशी ही रचना आहे. मालकावर नियम मोडल्याचा नुसता संशय आला तर चौकशी होते, नोटीस येते, मुदत मिळते, वकील मिळतो. दादाला मालकाची नाराजी पुरे होती. चौकशी करायची गरजच नव्हती.

चिठ्ठी दादाने नेऊन दिली. मालकाने वाचली, "नो वरीज" म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात पत्र दिलं. पत्र सुंदर होतं, वहिनीने मला फोटो पाठवला. मेहनती, विश्वासू, या कुटुंबाचा भाग, असं सगळं त्यात होतं. वर्षअखेरीला पुन्हा मेंढी आली. ती आम्ही खाल्लीही.

माझ्या दोनशे पत्रकांमुळे फोन किती आले? तीन. दोन शिव्यांचे. तिसरा त्या फिलिपिनो सहकाऱ्याचा होता, हे मी दादाकडे ऐकलेल्या आवाजावरून ओळखलं. त्याने नाव न सांगता विचारलं, फोन केल्याचं मालकाला कळतं का? मला खरं उत्तर माहीत नव्हतं आणि मी ते तसंच सांगितलं. तो थँक यू म्हणाला. पुढे त्याने काही केलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

रेसिडेन्सी यायला खूप वेळ लागला. ज्या दिवशी आली त्या दिवशी दादाने फोनवर फक्त "आलं गं" म्हटलं. मी त्याच्याशी थोडा वेळ बोलले आणि मग न राहवून विचारलं, "आता करणार ना तक्रार?"

"आता कशाला?" तो म्हणाला. "सुटलो ना. जाऊ दे." त्याने दक्षिणेकडे, दुसऱ्या भागात चांगली नोकरी धरली. मालकाने निरोपाला बार्बेक्यू केला, भाषण केलं, दादाचे डोळे भरून आले. दादा असाच आहे. अर्ध्या मेंढीचे उपकार तो विसरत नाही.

मी तो विषय सोडून दिला. पत्रकाच्या उरलेल्या प्रती रद्दीत टाकल्या.

नव्या घरी सामान लागल्यावर दोन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. "पगार कापला त्या बारा आठवड्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "आणि ह्यांची कामाच्या तासांची वही. पहिल्या दिवसापासून जपून ठेवल्यात. तक्रारीचा फॉर्म भरलाय. इंग्रजी एकदा बघशील?"

"वहिनी, तूच तर मला..."

"मी तुला गप्प बस म्हणाले नव्हते," ती म्हणाली. "घाई करू नकोस, एवढंच माझं म्हणणं होतं. तुला ऐकूच आलं नाही. बरं, खाली नाव माझं आणि ह्यांचं. तुझं कुठेही नको हं."

"दादा तयार आहे?"

"तुझ्या दादाला मी रात्रीची भाकरी घालते. होतील तयार."

मी तिचं इंग्रजी पाहिलं. दोन ठिकाणी क्रियापदं बदलली. मला एकही विशेषण काढावं लागलं नाही, कारण तिने घातलंच नव्हतं.

सरकारी मध्यस्थाचा मालकाला फोन गेला. मालकाने वाद घातला नाही. महिन्याभरात बारा आठवड्यांचा कापलेला पाचवा भाग दादाच्या खात्यात आला, आणि मागोमाग पगाराची चिठ्ठी. त्या रकमेसमोर लिहिलं होतं: बोनस.

दादा खूश. "बघ, चांगलाच आहे तो," असं तो मला फोनवर सांगत होता. "दिले ना शेवटी? मी त्याला थँक यूचा मेसेज करणारच होतो, तर हिने फोन काढून घेतला."

मागून वहिनीचा आवाज येत होता. "बोनस म्हणे! स्वतःचेच पैसे, वर आभार माना!"

"अगं, शब्दाने काय फरक पडतो? पैसे तेवढेच आहेत."

"तुम्हाला नसेल पडत."

तिने त्याच दिवशी मध्यस्थाला लिहिलं. आम्हाला बक्षीस मिळालेलं नाही. हा पगार आहे, काम केलेला आणि न दिलेला. चिठ्ठी दुरुस्त होईपर्यंत आम्ही प्रकरण मिटल्याच्या कागदावर सही करणार नाही. मध्यस्थबाईंनी तिला समजावून पाहिलं, की रक्कम पूर्ण आहे, एका शब्दासाठी कशाला लांबवता. वहिनी म्हणाली, मला वेळ आहे.

पाच आठवडे गेले. मालकाने घेतलेल्या सरकारी मदतीचं पुढे काय झालं, त्याने परत केली की पचवली, हे मी त्या काळात संबंधित सरकारी खात्याला दोनदा विचारलं. ती माहिती खासगी आहे, असं दोन्ही वेळा अतिशय नम्र उत्तर आलं. मी तिसऱ्यांदा विचारलं आहे.

चिठ्ठी दुरुस्त होऊन आली तेव्हा वहिनीने दादाला समोर बसवलं आणि ती ओळ मोठ्याने वाचायला लावली. "थकीत पगार," त्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचा, ती म्हणाली. त्याने वाचलं. मग तिने त्याच्यासमोर पेन ठेवलं.